वार्धक्यातील पडणे आणि मनात राहणारे भय

(ज्युबिली वर्षानिमित्त भरलेल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात आमच्या प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यासाठी विषय निवडण्याचे काम ज्युबिली समितीने आम्हांवरच सोपविले, तेव्हा गतकाळाचा गौरव करणारे एखादे भाषण आमच्याकडून होईल, अशी तिची अपेक्षा असावी. तशी भाषणे ह्या वर्षात पुष्कळ झाली व अजूनही होतील. आम्ही मात्र एका अगदी साध्या गोष्टीविषयी बोलावयाचे ठरविले आहे, आणि ती म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे पडणे. विषय ऐकून समितीतील एक दोघांस हसू आले. त्यांस आम्ही दोष देत नाही. रस्त्यात कोणी घसरून पडला, तर प्रथम हसणे व मग हात देणे, हा मनुष्यस्वभावच आहे.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो, त्याचे कारण सांगतो. ऐंशी वर्षांवरील वृद्धांचा सत्कार करावयाचा म्हणून त्यांची यादी तयार झाली आणि ती घेऊन आम्ही आळीआळीतून घरोघर हिंडलो. त्यांपैकी कित्येकांचे दर्शन ख्रिस्तमंदिरात होऊन वर्षे लोटली होती. "का येत नाही?" असे विचारले की एकच उत्तर मिळे, "फादर, पाय चालत नाहीत." परंतु घटकाभर बसून बोलणे वाढविले, म्हणजे त्या उत्तराच्या मागे एक विशिष्ट दिवस दडलेला असे. कोणाचा मोरीत पाय सरकला होता. कोणी पावसाळ्यात वाडीतल्या शेवाळावरून घसरले होते. कोणी रात्री अंधारात उठताना चटईच्या काठास अडखळले होते. हाडास चीर गेली असेल, तर ती सांधून कितीतरी काळ झाला होता. आणि पुष्कळांचे तर हाड मोडलेही नव्हते, केवळ खरचटले होते. तरी त्या दिवसापासून फाटकाबाहेर पाऊल पडले नव्हते. तेव्हा आमच्या मनात आले की, जे चालत नाही ते पायच आहेत, की आणखी काही?

पडण्याने शरीराची होणारी हानी सर्वांस ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचा भरणा सर्वांत मोठा असतो. खुब्याचे हाड मोडल्याने अंथरुणास खिळलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्याविषयी डॉक्टरांनी बोलावे. हाड मोडलेले नसते, सूज उतरलेली असते, घरचे लोक "देवाने वाचविले" म्हणून आभाराची मिस्सा सांगून मोकळे झालेले असतात, त्यानंतर जे सुरू होते त्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

हे भय काही नवे नाही. पवित्र शास्त्रातील उपदेशक ग्रंथाचा बारावा अध्याय उघडून पाहा. तेथे वार्धक्याचे जे वर्णन आहे, त्यात दात, डोळे व कान यांच्या क्षीणतेबरोबर उंच जागेचे भय आणि वाटेवर वाटणारी धास्ती हीही आलेली आहेत. सेमिनरीत हा अध्याय आम्ही शिकलो, त्या वेळी तो भाग काव्य म्हणून आवडला होता. तो इतका शब्दशः खरा असेल, हे वयाची पन्नाशी उलटून घरोघर हिंडू लागल्यावर कळले.

वैद्यकशास्त्राचे लक्ष इकडे फार उशिरा गेले. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे वृद्धांच्या रोगांचे एक नामांकित प्राध्यापक होते, बर्नार्ड आयझॅक्स. त्यांनी व मर्फी ह्या सहकाऱ्याने १९८२ साली ३६ वृद्ध रुग्णांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. हे सारे पडल्यामुळे इस्पितळात आलेले होते. त्यांपैकी पुष्कळांस उभे केले की ते जवळ जे सापडेल ते घट्ट पकडीत. पलंगाचा कठडा, परिचारिकेचा हात, भिंत, काहीही. आधाराविना एक पाऊल टाकावयास ते धजत नसत. ह्या स्थितीस त्या दोघांनी पडण्यानंतरची व्याधी असे स्वतंत्र नाव दिले. हा निबंध आमच्या वाचनात आला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे आपल्याच धर्मग्रामातील एक आजी आल्या. लाल लुगडे नीट नेसून त्या पडवीत बसलेल्या असतात. परंतु पडवीतून ओटीवर जावयाचे झाले, म्हणजे दाराची चौकट दोन्ही हातांनी अशी धरतात की, जणू खाली विहीरच आहे.

भय माणसाचे चालणेच बदलून टाकते. भ्यालेला मनुष्य पाऊल उचलीत नाही, ते घासत नेतो. गुडघे ताठ ठेवतो, दृष्टी पायांपाशी खिळवितो व श्वास रोखून धरतो. असा चालणारा समोरचा उंबरा पाहत नाही, आणि तोल गेलाच तर ताठरलेले अंग सावरता येत नाही. म्हणजे पडू नये म्हणून जे करावयाचे, त्यानेच तो पडावयास सिद्ध होतो. पुढे तो चालणेच कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांची शक्ती जाते. शक्ती गेली की तोल जातो. तोल गेला की भय वाढते. हे रहाटाप्रमाणे फिरत राहते, परंतु रहाट निदान पाणी तरी वर आणतो. ह्यातील प्रथम काय, पडणे की भय, हाही प्रश्न अभ्यासिला गेला आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात सॅलिसबरी येथील वृद्धांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, जो पडला तो पुढे भिऊ लागण्याचा संभव अधिक, आणि जो न पडताच भीत होता तो पुढे पडण्याचा संभवही अधिक.

स्वीडनमधील एक निरीक्षण तर आपल्या कोणासही आळीतून जाता जाता करता येण्याजोगे आहे. १९९७ साली तेथील काही संशोधकांनी असे दाखविले की, चालत असता कोणी बोलू लागताच जे वृद्ध थांबून मगच उत्तर देतात, ते पुढील काळात इतरांहून अधिक पडतात. ज्याचे सारे लक्ष पाऊल टाकण्यातच वेचले जाते, त्याजपाशी संभाषणास लक्ष उरत नाही. यास्तव तरुणांस आमची विनंती आहे की, वृद्धांस मागून हाक मारू नये. पुढे यावे, त्यांस थांबू द्यावे, आणि मग काय ती विचारपूस करावी.

शरीराच्या ह्या क्षीणतेबरोबर मनही आक्रसत जाते, आणि तोच आमच्या चिंतेचा खरा विषय आहे. मिस्सेस जाणे सुटले म्हणजे केवळ मिस्साच सुटत नाही. मिस्सेनंतर आवारात घटकाभर होणाऱ्या गोष्टी सुटतात, कोणाच्या घरी मूल झाले ते कळत नाही, मयतास जाता येत नाही. जन्मभराच्या सोबत्याच्या दफनास न जाता आल्याचे दुःख एका वृद्धाने आम्हांजवळ बोलून दाखविले. त्याचा आवाज पडण्याविषयी बोलताना कापला नव्हता, तो तेथे कापला. मग झोप उडते, अन्न गोड लागत नाही, बोलणे कमी होते. घरचे लोक म्हणतात, "वय झाले." वय झाले हे खरेच, परंतु उदासीनता हा वार्धक्याचा धर्म नव्हे, ती व्याधी आहे व तिला उपचार आहेत. मात्र येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. झोपेच्या गोळ्या, आणि उदासीनतेवरील पुष्कळशा गोळ्यादेखील, तोल बिघडवून पडण्याचा धोका वाढवितात. त्या मनाने घेऊ नयेत व मनाने बंदही करू नयेत. पडण्याची हकीकत डॉक्टरांस सांगून त्यांजकडूनच फेरविचार करून घ्यावा.

परंतु हकीकत सांगतो कोण? पडलेला वृद्ध प्रथम इकडे तिकडे पाहतो, तो कोणी पाहिले तर नाही ना, ह्यासाठी. केंब्रिज येथे नव्वदीपुढील माणसांविषयी झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मदत बोलाविण्याची घंटा हाताशी असूनही, पडल्यावर ज्यांना उठता येत नव्हते त्यांतील बहुतेकांनी ती वाजविली नाही. ते जमिनीवर पडून राहिले. हे वाचून आम्हांस मुळीच आश्चर्य वाटले नाही. आपल्या येथील एक आजी मोरीत पडल्या व पहाटेपर्यंत तशाच राहिल्या. पलीकडच्या खोलीत मुलगा निजलेला होता. हाक का मारली नाही, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, हाक मारली असती तर दुसऱ्या दिवसापासून मला कोणी एकटीला आंघोळसुद्धा करू दिली नसती."

बंधुभगिनींनो, हे उत्तर आपण सर्वांनी, विशेषतः सुनांनी व मुलांनी, नीट ऐकावे. म्हातारे माणूस पडण्यास जितके भिते, तितकेच, किंबहुना अधिक, ते पडण्यानंतर घरात होणाऱ्या निवाड्यास भिते. "आता स्वयंपाकघरात यावयाचे नाही." "वाडीत जावयाचे नाही." "पाणी मागा, आम्ही देतो, उठू नका." हे सारे प्रेमाने बोलले जाते, ह्यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु ज्या बाईने पन्नास वर्षे घर चालविले, तिला एके दिवशी खुर्चीत बसवून पाण्याचा पेला हाती दिला जातो, तेव्हा तिला पाणी मिळते आणि घर मात्र हातचे जाते.

आता आमच्या स्वतःच्या हातून घडलेले सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या कुटुंबाची अनुमती आम्ही घेतली आहे. आपल्या ख्रिस्तमंदिराची घंटा वाजविण्याचे काम आपणहोऊन करणारे एक वृद्ध आम्ही येथे आलो तेव्हा होते. एका पावसाळ्यात ते ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर घसरले. कोपर सोलले, एवढेच. आम्ही धावत गेलो, त्यांस बसविले, आणि सर्वांसमक्ष म्हणालो, "बाबा, आता तुम्ही यावयाचे नाही. आम्ही दर शुक्रवारी घरी कम्युनियन घेऊन येऊ." जमलेल्या लोकांस आमचे बोलणे फार दयाळूपणाचे वाटले, आम्हांसही वाटले. आम्ही वचन पाळले, दर शुक्रवारी गेलो. पहिल्या महिन्यांत ते फाटकाशी उभे राहून वाट पाहत. मग ओटीवर. मग खाटेवर. घंटेचा विषय त्यांनी एकदाच काढला. कोण वाजवतो, असे विचारले, आणि वीज वाजवते असे ऐकून भिंतीकडे पाहिले. वर्ष सव्वा वर्षाने ते वारले. ते सोललेल्या कोपराने वारले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी ख्रिस्तशरीर नेले हे योग्यच केले. परंतु त्यांच्या हाताला धरून त्याच पायरीवर पुन्हा एकदा त्यांना चढविले नाही. ते आमचे काम होते, आणि त्या काळी आमच्या हे ध्यानातही आले नाही.

क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने आपण दर उपवासकाळात फिरतो. त्यांत प्रभू तीन वेळा पडतो, तिसऱ्या, सातव्या व नवव्या स्थानी. पहिल्या पडण्यानंतर व दुसऱ्याच्या पूर्वी कोण कोण भेटते, हे घंटेवाल्या बाबांच्या मृत्यूनंतर प्रथम आमच्या लक्षात आले: माता, मग सायमन, मग वेरोनिका. एक समोर येऊन डोळ्यांस डोळा देते, एक भार उचलतो, एक तोंड पुसते. "आता येथेच बसून राहा," असे तिघांपैकी कोणीही म्हणत नाही.

ह्याचा अर्थ सावधगिरी सोडावी असा कोणी घेऊ नये. थोडे भय उपयोगाचेच आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाने नारळासाठी शिडीवर चढू नये, हे सांगावयास शास्त्र नको. प्रश्न आहे तो भयाचे माप खऱ्या धोक्याशी जुळण्याचा. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे ७० ते ९० वर्षांच्या ५०० माणसांचा अभ्यास झाला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाचा तोल, शक्ती, दृष्टी हे सारे मोजून खरा धोका ठरविला, आणि त्यास स्वतःस किती भय वाटते हेही विचारले. सुमारे एक तृतीयांश लोकांत दोहोंचा मेळ बसेना. काहींचे शरीर चांगले असून ते फार भीत. त्यांच्यात उदासीनता अधिक होती, आणि शरीर चांगले असूनही ते पडत. उलट काहींचे शरीर दुर्बळ असूनही त्यांस भय नव्हते. ते हिंडतेफिरते व आनंदी वृत्तीचे होते, आणि त्यांच्या दुर्बळतेच्या मानाने ते कमी पडत.

मग करावे काय? प्रथम, "भीती वाटते का?" असे विचारूच नये. आपल्या वाडवळांतून व वाड्यांतून वाढलेला कोणता पुरुष "होय" म्हणेल? अमेरिकेतील मेरी टिनेटी ह्या डॉक्टरबाईंनी १९९० साली ह्यावर एक सुंदर युक्ती काढली. त्यांनी दहा नित्याची कामे घेतली, स्नान करणे, अंथरुणातून उठणे, कपडे घालणे, फळीवरची वस्तू काढणे, दारावर कोणी आले तर उघडावयास जाणे अशी, आणि प्रत्येक काम न पडता करण्याचा तुम्हांस किती भरवसा वाटतो, एवढेच विचारले. आपणही घरी असे विचारून पाहावे. "आई, मोरीत जाण्याचा भरवसा वाटतो का? मिस्सेच्या वेळी गर्दीत उभे राहण्याचा? वाडीच्या बांधावरून चालण्याचा?" ज्या कामाशी ती अडखळेल, तेथून आरंभ करावा. मोरीचा भरवसा नसेल तर मोरीत धरावयास लोखंडी दांडा बसवावा, दिवा लावावा, खरबरीत लादी घालावी. (नव्या घरांतून आरशासारख्या लाद्या घालण्याची जी चढाओढ चालली आहे, तिजविषयी आम्ही वेगळे बोलू. त्या लादीत पाहुण्यांचे तोंड दिसते आणि आजीचा पाय सरकतो.)

दुसरे, पायांत शक्ती आणावी. ती कोणत्याही वयात आणता येते, हे पुष्कळ अभ्यासांनी ठरले आहे. न्यूझीलंडमधील ओटागो येथे वृद्धांसाठी घरच्या घरी करावयाचा व्यायामक्रम तयार झाला आहे. चिनी लोकांची ताई ची नावाची संथ कसरतही उपयोगी ठरली आहे. आपणास इतके दूर जावयाचे कारण नाही. स्वयंपाकाच्या ओट्यास धरून एका पायावर क्षणभर उभे राहावे, हात न टेकता खुर्चीतून उठावे व बसावे, टाचा उचलाव्यात. प्रारंभी जवळ कोणी उभे असावे. त्याने हात धरू नये, फक्त जवळ असावे.

तिसरे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुष्कळांचे भय हे पडण्याचे नसून, पडल्यावर उठता न येण्याचे असते. आणि उठणे ही शिकता येण्याजोगी कला आहे. पडल्यावर घाई करू नये. क्षणभर पडून राहून कोठे दुखते ते पाहावे. खुब्यात तीव्र वेदना असेल वा पाय हलत नसेल तर उठूच नये. हाक मारावी, काही ठोकून आवाज करावा, अंगावर पांघरूण ओढून ऊब राखावी. तसे नसेल तर कुशीवर वळावे, मग हात व गुडघे टेकून रांगत जड खुर्चीपाशी जावे, तिच्या बैठकीवर हात टेकून एक पाऊल पुढे रोवावे, आणि रेटा देऊन उठून बसावे. हे भरल्या घरात, दिवसाउजेडी, हसत खेळत केलेले असले, म्हणजे रात्री मोरीत एकटे असता ते आठवते.

काठीची लाज बाळगणारांस आम्ही एकच आठवण देतो. १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल स्नानगृहात पडले व त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यानंतर ते हातात काठी घेऊन साऱ्या जगापुढे वावरले. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट पडून मनगट मोडून घेते झाले. पोप फ्रान्सिस २०२२ पासून चाकांच्या खुर्चीत लोकांसमोर येत, आणि डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ अशा लागोपाठ दोन महिन्यांत दोनदा पडूनही त्यांनी लोकांत येणे सोडले नाही. तेव्हा आपल्या आळीतील कोणी काठी घेऊन मिस्सेस आला, तर त्याने खालची मान वर करावी. गुडघे टेकता येत नसतील तर बसून राहावे. परमेश्वर गुडघे मोजीत नाही.

ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांस कठडा नाही, ही आमची उणीव आहे. ज्युबिलीच्या निधीतून प्रवेशद्वारी कमान उभारावी, अशी समितीची इच्छा आहे आणि कमानीस आमचा विरोध नाही. पण कठडा प्रथम होईल, हे आम्ही येथे सर्वांदेखत सांगून ठेवतो. नंतर कोणी आम्हांस कमानीचा नकाशा दाखवावा.

आता एक सूचना करून आम्ही खाली बसतो. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या सभागृहात जमिनीवरून उठण्याचा अभ्यास ठेवला आहे. इस्पितळात हेच काम करणारी आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी तो शिकविणार आहे. ज्यांस येणे कठीण आहे त्यांनी निरोप धाडावा, तरुण मंडळी रिक्षा घेऊन येतील. परंतु रिक्षातून उतरल्यावर सभागृहापर्यंत त्यांनी आपल्या पायांनी यावयाचे आहे, कितीही वेळ लागो. प्रथम जमिनीवर आम्ही स्वतः पडून दाखविणार आहोत. सतरंज्या चर्चच्या आहेत. खुर्ची मात्र प्रत्येकाने आपापल्या घरची, रोजच्या बसण्यातली आणावी, कारण प्रसंगी धरावयाची ती तीच आहे.